तपकिरी बाटली

आमच्या मागील पडवीला लागून बिनखिडकीची एक खोली होती. पूर्वी तेथे भाताच्या कणग्या असत. १९८४ साली मी ती झाडूनपुसून घेतली, दाराच्या फटींवर काळे कापड ठोकले आणि तेथे फिल्म धुण्याची डार्करूम थाटली. आई म्हणे, "कणग्या गेल्या नि बाटल्या आल्या!"

मी नुकताच नोकरीला लागलो होतो. पैसे वाचावेत म्हणून रसायने सुटी आणून डी-७६ हा डेव्हलपर घरीच तयार करीत असे. एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाईट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. कोमटाहून गरम पाण्यात आधी चिमूटभर सल्फाईट, मग मेटॉल, मग बाकीचे सारे; कारण सल्फाईटच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळत नाही.

एका लिटरमध्ये ३६ चित्रांचे चार रोल धुता येतात. मात्र प्रत्येक रोलनंतर वेळ सुमारे १५ टक्क्यांनी वाढवावी लागते. द्रावणाची शक्ती दर खेपेस खर्ची पडत असते. शिवाय हवा ही त्याची वैरीण. काठोकाठ भरलेल्या, घट्ट बुचाच्या बाटलीत ते सहा महिने टिकते; बाटली अर्धी असेल तर दोनच महिने. हे सारे मला ठाऊक होते. परंतु काटकसरीच्या नावाखाली मी चाराचे सहा रोल करू लागलो आणि ते निभावतही गेले.

१९८७ च्या मे महिन्यात मावशी आमच्याकडे राहावयास आली. जन्मात तिने कधी फोटो काढून घेतला नव्हता. मी आग्रह केला तेव्हा ठेवणीतले लुगडे नेसून ती भर उन्हात अंगणात येऊन बसली. त्याच रात्री मी रोल धुवावयास घेतला. जानेवारीत केलेले द्रावण निम्म्या बाटलीत उरले होते. त्याचा रंग चहासारखा झालेला दिसत होता. नवे करावयास अर्धा तास पुरे होता. पण "चालेल" असे म्हणून मी तेच ओतले.

फिल्म उजेडात धरली, तो जवळजवळ कोरी काच! मावशीला मात्र मी सांगितले, "कॅमेरा बिघडला होता गं. पुन्हा काढू."

"तुझ्या यंत्राला माझे तोंड आवडले नसेल, बाबा," असे म्हणून ती हसली.

ऑगस्टमध्ये ती गेली.

मग ती पातळ निगेटिव्ह मी मिळेल त्या कडक कागदावर पुन:पुन्हा छापून पाहिली. पांढरे केस आले, कपाळ आले, गालाची हाडे आली. डोळे मात्र आले नाहीत. सावलीतले बारकावे फिल्मवर उमटलेच नव्हते. तेथे केवळ काळोख होता.

त्यानंतर माझी शिस्त बदलली. द्रावण लहान तपकिरी बाटल्यांत गळ्यापर्यंत भरू लागलो. बाटली उणी झाली की आत काचेच्या गोट्या सोडून पातळी वर आणायची, बाटलीवर तारीख लिहायची, वापरलेले द्रावण ताज्यात मिसळायचे नाही. रोल धुण्याआधी फिल्मच्या टोकाचा तुकडा उजेडातच द्रावणात बुडवायचा. काही मिनिटांत तो काळाभोर झाला नाही, तर ते द्रावण मोरीत. महत्त्वाच्या रोलला तर निम्मे द्रावण, निम्मे पाणी घेऊन, एकदाच वापरून टाकून देई.

खोटे मात्र बाटलीत राहिलेल्या द्रावणासारखे मनात काळवंडत राहिले. पुष्कळ वर्षांनी मावशीच्या लेकीला तो फोटो दिला आणि सारे खरे सांगितले. तिने तो बराच वेळ न्याहाळला. म्हणाली, "उन्हात बसली की आई अशीच डोळे मिटून घेई."

ही खरोखरीची आठवण होती की मला दिलेली क्षमा, हे मी तिला विचारले नाही.