शेजारी बसणारं माणूस

जव्हार-मोखाड्याकडे पाऊस एकदा लागला की समोरचा डोंगर दिवसचे दिवस दिसत नाही. शाळेच्या पत्र्यावर सरी अशा कोसळतात, की फळ्याजवळचा आवाज मागच्या रांगेला पोचत नाही. ओल्या भिंतींना आणि ओल्या दप्तरांना एकच वास येतो. आवणीची घाई असते. मोठी मुलं आईबापांबरोबर शेतावर जातात, धाकट्या भावंडाला काखेत घेऊन आलेल्या मुली दारातच घुटमळतात. नव्या शिक्षकाची आणि शाळेची पहिली भेट मी अनेकदा अशाच दिवसांत झालेली पाहिली आहे. लातूर, बीड, सोलापूर, कुठून कुठून ही मुलं-मुली येतात. हातात नेमणुकीचा आदेश, पाठीवर सॅक, डी.एड.च्या काळातल्या टाचणवह्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेल्या. मुख्याध्यापक हजर करून घेतात, मस्टरवर सही होते. मग कुणीतरी त्यांना एका खोलीपर्यंत पोचवतं आणि म्हणतं, "हा तुमचा वर्ग."

पुढचं सगळं त्यांच्यावर असतं.

नवा डॉक्टर मोठ्या डॉक्टरांच्या मागून वॉर्डात फिरतो. नवा वकील सीनियरच्या फायली सांभाळत कोर्टात उभा राहतो. शिक्षकाला मात्र पहिल्याच सकाळी पूर्ण वर्ग मिळतो. वीस वर्षं शिकवलेल्याला मिळतो तेवढाच, आणि पुष्कळदा त्याहून अवघड. कारण जुन्या माणसांच्या बदल्या होऊन ज्या जागा उरतात, त्या बहुधा रस्ता संपतो तिथल्या असतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत 60 पटापर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पाड्यावरच्या शाळेत एकाच खोलीत पहिली-दुसरी, नाहीतर तिसरी-चौथी. दुसऱ्या खोलीत दुसरे गुरुजी त्यांचे दोन वर्ग सांभाळत असतात. काही विचारायचं म्हटलं तर मधल्या सुट्टीत विचारायचं, आणि मधल्या सुट्टीत खिचडी वाढायची असते.

मी शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा 2014 मध्ये झाला. शिक्षणसेवकाची योजना राज्यात 2000 साली आली. तीन वर्षं मानधनावर काम करायचं, मग नियमित वेतनश्रेणी. प्राथमिकला तेव्हा महिना 3,000 रुपये मिळत. 2023 पासून 16,000 मिळतात. पैशांविषयी खूप बोललं गेलं, मोर्चे निघाले, ते योग्यच होतं. पण या योजनेतली दुसरी एक पोकळी फारशी कुणी बोलून दाखवली नाही. राज्याने नव्या शिक्षकासाठी तीन वर्षांची उमेदवारी ठरवली आणि ती कुणाच्या हाताखाली करायची हे ठरवलंच नाही. तीन वर्षांत काय शिकायचं, कोण शिकवणार, वर्गात येऊन कोण बसणार, याची ओळ आमच्या आदेशात नव्हती. सुरुवातीला काही दिवसांचं प्रशिक्षण होतं, महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होते, ॲपवर कोर्स असतात. या सगळ्याचा उपयोग आहे. पण ते सारं वर्गाच्या बाहेर घडतं, आणि नव्या माणसाची अडचण वर्गाच्या आत असते.

मला माणूस मिळालं, ते नशिबाने. आमच्या शाळेचे गुरुजी निवृत्तीला आलेले होते. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, तरी आठवड्यातून एकदा ते त्यांची चौथी माझ्या खोलीत आणून बसवत. चौथीच्या मुलांना पुस्तकं वाचायला देत आणि स्वतः मागच्या बसकरपट्टीवर, मुलांच्या ओळीत, मांडी घालून बसत. खुर्ची दिली तर नको म्हणत. खिशात एक छोटी डायरी असे, तिच्यात बारीक अक्षरात काहीतरी लिहीत. पहिल्या वेळी माझा घसा कोरडा पडला होता. तास संपल्यावर त्यांनी डायरीतलं पान फाडून माझ्या हातात दिलं. त्यावर माझ्याविषयी एक शब्द नव्हता. लिहिलं होतं ते असं: खिडकीशेजारची मुलगी, निळा फ्रॉक, तीन वेळा बोट वर केलं, तिसऱ्यांदा केलं तेव्हा तुम्ही फळा पुसत होता. दारातला मुलगा वजाबाकी करतो, पण बोटं मांडीखाली लपवून मोजतो. मागच्या दोघींना मराठी कळतं, बोलायला लाजतात. आपसात वारलीत बरोबर उत्तर बोलल्या.

ते पान वाचून मी रडले नाही की खजील झाले नाही. मला एकदम वर्ग दिसला. शिकवताना माझं सारं लक्ष माझ्या आवाजाकडे, खडूकडे, टाचणातल्या पुढच्या मुद्द्याकडे असायचं. समोर मुलं होती, पण ती घोळक्याने दिसत. गुरुजींनी ती एकेक करून माझ्यासमोर आणली. आणि पान त्यांनी फाडून मलाच दिलं, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. त्याची नक्कल कुठल्या फाइलला लागली नाही, केंद्रप्रमुखांकडे गेली नाही, माझ्या गोपनीय अहवालात उतरली नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा मी नटवून-सजवून पाठ घेतला नाही. जिथे अडत होते तोच भाग त्यांच्यासमोर घेतला.

तो भाग होता हातच्याच्या वजाबाकीचा. 42 मधून 17 वजा करायला दिले की अर्धा वर्ग 35 लिहायचा. मी फळ्यावर पुन्हा पुन्हा रीत सांगत होते आणि मुलं पुन्हा पुन्हा 35 लिहीत होती. गुरुजी म्हणाले, "आज मी घेतो, तुम्ही माझ्या जागी बसा." त्यांनी रीत सांगितली नाही. 35 लिहिलेल्या एका मुलाला जवळ घेतलं आणि विचारलं, "कसं केलंस, मला सांग बरं." मुलगा म्हणाला, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले. त्याच्या सांगण्यात पूर्ण तर्क होता. गुरुजींनी मान डोलावली आणि झाडूच्या काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्या. "यातल्या सतरा मला दे." मुलाने एक गठ्ठा दिला, दोन सुट्या काड्या दिल्या, आणि थांबला. सगळा वर्ग त्याच्या हाताकडे बघत होता. मग त्याने आपणहून एका गठ्ठ्याची दोरी सोडली. उरलेल्या पाच काड्या मोजून दिल्या, आणि आपल्यापुढे काय उरलं ते बघितलं: दोन गठ्ठे, पाच काड्या. गुरुजी काही बोलले नाहीत. त्या मुलाने पाटी ओढली, 35 पुसले.

चूक करणाऱ्या मुलाला आधी विचारायचं की तू हे कसं केलंस, हे बालमानसशास्त्राच्या पुस्तकात मी वाचलेलं होतं, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलेलं होतं. पण ते विचारताना आवाज कसा ठेवायचा, किती वेळ गप्प राहायचं, वर्ग हसायला लागला तर मुलाच्या आणि वर्गाच्या मध्ये कसं बसायचं, हे कुठलं पुस्तक सांगणार? ते चालू वर्गात, शेजारी बसूनच दिसतं.

दिवाळीनंतरची गोष्ट त्याहून महत्त्वाची. आमच्याकडची कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी-वसईकडे. एका सोमवारी माझ्या वर्गात निम्मीच मुलं आली. मंगळवारी त्याहून कमी. माझी खात्री पटली की मुलांना माझं शिकवणं नकोसं झालंय. रात्री खोलीवर मी नोकरी सोडण्याचं पत्र मनातल्या मनात लिहून पाहत होते. गुरुजींना माझा चेहरा दिसला असावा. ते मला पाड्यावर घेऊन गेले. कुलूप नसलेली, नुसती कडी लावलेली घरं दाखवली. कुठलं कुटुंब कुठल्या भट्टीवर गेलंय, कुणाची आजी घरी आहे, कोणत्या मुलाला आजीकडे ठेवून घेता येईल, हे त्यांना तोंडपाठ होतं. दोन आज्यांशी बोलून आम्ही तीन मुलं मागे ठेवून घेतली. नवे शिक्षक पहिल्या-दुसऱ्या वर्षातच मनातून विझतात, त्याचं एक कारण हे आहे. गावाची, पोटाची, हंगामाची कारणं त्यांना ठाऊक नसतात आणि सगळा दोष ते स्वतःवर घेतात. जवळ जाणतं माणूस असेल तर तो दोष जिथल्या तिथे राहतो.

आमच्या या पालघर जिल्ह्यात तर जाणत्या माणसाशेजारी बसून शिकण्याची थोर परंपरा आहे. ताराबाई मोडक राजकोटचं प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या, त्यांच्याबरोबर मुलांमध्ये काम करत शिकल्या. 1945 साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू झालं, तेव्हा त्यांच्याजवळ अनुताई वाघ आल्या. अनुताई काही कोऱ्या नव्हत्या, पुण्याच्या हुजूरपागेत कितीतरी वर्षं शिकवून आल्या होत्या. तरीही त्या ताराबाईंच्या शेजारी नव्याने शिकायला बसल्या. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी शाळाच पाड्याच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात भरवायची, हे सगळं या दोघींनी बरोबरीने करून पाहिलं. ताराबाई 1973 मध्ये गेल्या आणि अनुताईंनी ते काम 1992 मध्ये स्वतः जाईपर्यंत चालवलं. गिजुभाईंपासून अनुताईंपर्यंत ही विद्या माणसाकडून माणसाकडे गेली. सहवासाने गेली.

अलीकडचं उदाहरण साताऱ्याजवळच्या कुमठे बीटचं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तिथल्या जिल्हा परिषद शाळांमधल्या शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले आणि राज्यभरातून शिक्षक गाड्या करून ते पाहायला जाऊ लागले. व्याख्यान ऐकायला नव्हे, चालू वर्ग बघायला. शिक्षकाला दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग बघायची केवढी भूक असते, ते त्या गर्दीवरून कळत होतं. परतल्यावर पुष्कळ शाळांनी फरशा रंगवल्या, तक्ते आखले. कुमठ्याच्या शिक्षकांचं आपसात बसून बोलणं मात्र फार थोड्या ठिकाणी रुजलं. मला वाटतं खरा ऐवज तोच होता.

हे नशिबावर सोडायचं नसेल तर वेळ द्यावा लागतो, हे इतर देशांनी ओळखलं आहे. जपानने 1989 पासून नव्या शिक्षकाचं पहिलं वर्ष कायद्यानेच शिकण्याचं वर्ष ठरवलं. इंग्लंडमध्ये 2021 पासून नव्या शिक्षकाचे पहिल्या वर्षी 10 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 5 टक्के तास कमी करतात. पाच दिवसांच्या आठवड्यात पहिल्या वर्षी अर्धा दिवस. त्याला सोबतीचा शिक्षक नेमून देतात, आणि त्याचं मूल्यमापन करण्याचं काम सहसा वेगळ्या व्यक्तीकडे ठेवतात. ही शेवटची तरतूद वाचली तेव्हा मला गुरुजींचं डायरीतलं पान आठवलं. जो माझी परीक्षा घेणार आहे त्याच्यासमोर मी माझं अडलेलं उघडं करणार नाही, हे साधं माणसाचं मन आहे.

आपल्याकडे कागदावर काही कमी नाही. 1964–66 च्या कोठारी आयोगाने शाळासंकुलाची कल्पना मांडली, ती छोट्या शाळांनी एकमेकींना धरून राहावं म्हणूनच. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकाला वर्षाला किमान 50 तासांचं व्यावसायिक शिक्षण आहे, मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय अभियान आहे. पण केंद्रप्रमुखाकडे दहा-बारा शाळा, तितकेच अहवाल आणि रोजच्या रोज 'तातडीने माहिती पाठवा' असे निरोप. त्यांनी कितीही मनात आणलं तरी एका शिक्षणसेवकाच्या वर्गात ते दर आठवड्याला बसू शकणार नाहीत. हे काम जवळच्या शाळेतल्या जुन्या शिक्षकाचं आहे. त्याला त्यासाठी वेळ मिळाला पाहिजे, आणि माहिती भरण्याची कामं त्या प्रमाणात कमी झाली पाहिजेत. अध्यापक विद्यालयातले छात्राध्यापक शाळांवर येतात, त्या दिवसांत जुना शिक्षक मोकळा होऊ शकतो. शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा दुपारी दोघांनी तासभर बसता येतं. एकशिक्षकी शाळेवर तर नव्या माणसाला पहिल्या वर्षी पाठवूच नये. तिथे शेजार मिळण्याची काही सोयच नसते.

आता मी स्वतः केंद्रातल्या जुन्या बायांपैकी एक आहे. पवित्र पोर्टलवरून गेल्या भरतीत आलेली एक मुलगी शेजारच्या पाड्यावर आहे. पहिले काही दिवस ती मला 'मॅडम, तुमची तपासणी कधी आहे' असं विचारायची. मी तिच्या वर्गात जाते, मुलांजवळ बसते, आणि महिन्यातून एकदा तिला माझ्या वर्गात बसवते. हल्ली ती मला ताई म्हणते आणि फोन करून सांगते, "ताई, आज भागाकार बिघडला, तुम्ही कधी येताय?" यासाठी माझ्याकडे कुठला आदेश नाही, तिच्याकडेही नाही. दोघींपैकी एकीची बदली झाली की हे थांबेल.

भरतीची यादी लागते तेव्हा तिच्यात दोन रकाने असतात, शिक्षकाचं नाव आणि शाळेचं नाव. तिसरा रकाना हवा, सोबतीच्या शिक्षकाचा. आणि त्या दोघांच्या वेळापत्रकात आठवड्यातला अर्धा दिवस मोकळा हवा. जिल्हा परिषदांनी येत्या भरतीपासून हे करावं, एवढं माझं मागणं आहे.