खातरजमेची तहान

मनोविकारतज्ज्ञापुढे बसलेला मनुष्य आपल्या व्याधीचे निदान स्वतःच करून येतो, यात नवल वाटण्याचे दिवस केव्हाच मागे पडले. परंतु २०२० च्या मार्चमध्ये पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण आढळले, महिनाअखेरीस सारा देश टाळेबंदीच्या अमलाखाली आला आणि दवाखान्यांची दारे अर्धीअधिक मिटली, तेव्हापासून ज्यांना विषाणूने एक तर स्पर्शच केला नव्हता किंवा केला असला तरी हलक्या हाताने सोडून दिले होते, आणि तरीही ज्यांचे जिणे आजाऱ्याहून हलाखीचे झाले होते, अशा माणसांची रीघ माझ्याकडे लागली. या माणसांना हसणारे पुष्कळ भेटले. मला ते हसणे कधीच रुचले नाही. कारण घरातून बाहेर पडणेच मना होते आणि ओळखीचा डॉक्टर स्वतः अंथरुणाला खिळला होता, अशा वेळी हातातल्या मोबाइलला प्रश्न विचारण्यावाचून त्यांना दुसरी वाट तरी कोणती होती?

त्यांपैकी एक सद्गृहस्थ आजही नजरेसमोर आहेत (ओळख पटू नये एवढा फेरफार तपशिलात केला आहे). महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालवलेले, अक्षर मोत्यासारखे. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसरी लाट भरात असताना, त्यांना सौम्य संसर्ग होऊन गेला. फुप्फुसे निर्मळ निघाली, ताप उतरला, परंतु नोंदींची वही मात्र बंद झाली नाही. त्या वहीत वेळ, ऑक्सिजन, नाडी, ताप आणि शेरा असे रकाने आखलेले होते, आणि एका पहाटेच्या नोंदीपुढे शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहिले होते, ‘९७ वरून ९६. कारण?’ त्या एका अंकाच्या घसरणीनंतर त्यांनी दुसरे बोट लावून पाहिले, मग दुसऱ्या हाताचे, मग रुजवात म्हणून झोपेतल्या पत्नीचे. आणि उजाडेपर्यंत मोबाइलवर शोध चालू राहिला. वास्तविक बोटाला लावण्याच्या त्या यंत्राची अचूकताच दोन अंक इकडेतिकडे एवढी असते, आणि बोट गार पडले तरी आकडा चुकतो. हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. तेही त्यांनी वाचले होते, आणि त्यातून एवढेच निष्पन्न झाले होते की आता ९८ या आकड्यावरही त्यांचा भरवसा उरला नव्हता.

हा शोध नेहमी भयाच्याच दिशेने का जातो, याचा विचार साथीच्या पुष्कळ आधी झालेला आहे. मायक्रोसॉफ्टच्या रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले की साध्या तक्रारीपासून सुरू झालेला शोध पाहता पाहता दुर्धर आजारापर्यंत चढत जातो. मला त्याचे मूळ प्रश्न आणि उत्तर यांच्या उलट्या दिशांत दिसते. अमुक रोगात कोणकोणती लक्षणे होतात हे पडद्यावरचा मजकूर सांगतो, तर अमुक लक्षण असलेल्या हजार माणसांत तो रोग किती जणांना निघतो, हे शोधणाऱ्या बिचाऱ्याला हवे असते. त्यात देहही भीतीच्या बाजूने साक्ष देतो. घाबरलेला मनुष्य नकळत भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी होते, डोके हलके होते. आणि ही प्रत्येक खरीखुरी संवेदना पुन्हा शोधाच्या चौकटीत टंकली जाते.

कोरोनाच्या काळात याहून क्रूर असा एक योग जुळून आला. या रोगात काहींचा ऑक्सिजन धाप न लागता निमूटपणे खालावत असे. म्हणून दम लागत नसला तरी मोजत राहा, आकडा ९४ च्या खाली गेला तर तत्काळ डॉक्टरांना गाठा, हा सल्ला रास्तच होता आणि त्याने प्राण वाचवले. परंतु त्यामुळेच भयग्रस्ताला ‘तुम्हाला काही वाटत नाही ना, मग निश्चिंत असा’ असे म्हणण्याची सोय राहिली नाही. आणि ‘हे सारे तुमच्या मनाचे खेळ’ असे सांगून त्याची बोळवण करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंशी माझे मतभेद आहेत. मुंग्या खऱ्या असतात, धडधड खरी असते, चूक असते ती केवळ त्यांच्या अर्थात.

आमच्या शास्त्रात हिलरी वॉरविक आणि पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९८० च्या दशकात एक गोष्ट ध्यानात आणून दिली, ती मला आजही मोलाची वाटते: वारंवार दिलेली खातरजमा हेच या व्याधीचे खाद्य होय. ‘काही नाही’ हे वाचून वा ऐकून घटकाभर हायसे वाटते. पण आपण पाहिले म्हणूनच अनर्थ टळला असा धडा मन त्यातून घेते, आणि पुढची शंका अधिक लवकर येते. म्हणून उपचारात अधिक माहिती पुरवण्यापेक्षा मोजण्याच्या वेळा ठरवून देणे, शोधाची ऊर्मी आली की ती ओसरेपर्यंत थांबायला शिकवणे, तपासणीला भय वाटेल तेव्हा न बोलावता नेमल्या वारीच बोलावणे, आणि गरज पडल्यास औषध, असा क्रम असतो.

यातला कठीण भाग घरच्यांच्या वाट्याला येतो. त्या सद्गृहस्थांच्या पत्नीला मी सांगितले, की दिवसातून अनेकदा येणाऱ्या ‘मला काही होणार नाही ना?’ या प्रश्नाला उत्तर देऊ नका. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “डॉक्टर, इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, आणि आता मागताहेत तर तेवढंही देऊ नको म्हणता?” त्या माउलीचा प्रश्न रास्त होता. बऱ्याच वेळाने आम्हा तिघांचे एका वाक्यावर एकमत झाले, ते त्या सद्गृहस्थांनी स्वतःच वहीच्या पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून घेतले: ‘हे सोमवारी डॉक्टरांना विचारू, आत्ता माझ्याजवळ बसा.’