गोळ्या चालू असलेलं बरेपण

लेकीला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, शौचावाटे रक्त आणि आव पडते. निदान होईपर्यंत घरादारानं मूळव्याधच ठरवून टाकली होती. त्यानंतरही बराच काळ माझं मत पक्कं होतं, की खरा डॉक्टर तोच, जो औषधं बंद करून दाखवील. पंचविशीतल्या पोरीनं जन्मभर गोळ्या घ्यायच्या, याला बरं होणं म्हणायचं तरी कसं? आज मी त्या मताची राहिलेली नाही.

मत फिरलं ते ती ठणठणीत असताना. रक्त थांबलेलं, कळा नाहीत, वजन भरलेलं. आता गोळ्या कमी करू या, असा आग्रह मीच धरला. डॉक्टरांनी नुकत्याच केलेल्या कोलोनोस्कोपीचे फोटो पुढे ठेवले. निरोगी अस्तरात रक्तवाहिन्यांची बारीक जाळी दिसते. तिच्या आतड्याच्या शेवटच्या भागात ती पार पुसली गेली होती. अस्तर लालभडक, दुर्बीण घासली तिथे रक्त आलेलं. "तिला त्रास नाही, पण आजार आत जागा आहे," ते म्हणाले. ही सूज वर्षानुवर्षं राहिली तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हेही तिथंच कळलं.

मग मी गोळ्यांकडे नीट पाहू लागले. मेसालामिनची गोळी मोडायची नाही, चावायची नाही. तिचं आवरण जठरात टिकून पुढे आतड्यात विरघळायला हवं, म्हणजे औषध थेट सुजेवर पोचतं. रात्री एनिमा घेऊन डाव्या कुशीवर झोपायचं. स्टेरॉइडचं वेगळं. आजार उसळतो तेव्हा ते सावरतं, १९५५ साली ब्रिटनमधल्या चाचणीतच ते दिसलं होतं. पण फार काळ घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. स्टेरॉइडनं तिचा चेहरा सुजला तेव्हा नातेवाईक म्हणायचे, "छान भरली हो पोरगी!" रोजच्या गोळ्या आहेत त्या हे पुन्हा ओढवू नये म्हणून.

जपानचे शिंझो आबे याच आजारानं २००७ मध्ये पंतप्रधानपदावरून गेले. पुढे त्यांना नवं औषध लागू पडलं, ते हेच मेसालामिन. २०१२ मध्ये ते परतले. २०२० मध्ये आजार उलटला आणि पुन्हा राजीनामा द्यावा लागला. इतक्या सोयींत वावरणाऱ्या माणसाची ही गत. माझी लेक कल्याणहून लोकलनं जाते, आणि लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. आजार उसळलेला असेल तर ती सकाळी काही न खाताच निघते. कुठल्या स्टेशनवरचं शौचालय उघडं असतं, हे तिला पाठ आहे.

आता स्थळ आलं की तिच्या संमतीनं पहिल्याच फोनवर आजार सांगते, आणि गोळ्या चालूच राहतील हेही. काही जण फोन ठेवतात. ठेवू देत. मला खरा राग विम्याचा येतो. ती अॅडमिट झाली तर आमच्या पॉलिसीतून पैसे मिळतात. ज्याच्यामुळे अॅडमिट व्हायची वेळ टळते, त्या महिन्याच्या औषधाचं बिल मात्र आमच्या खिशातून. महिनाअखेरीला पैसे पुरत नाहीत म्हणून गोळी गाळणारी पोरं मी ओपीडीत पाहिली आहेत. हा खर्च विम्यात आलाच पाहिजे.