दुसरी पंगत

क्रूझला जायचं ठरवणं सोपं असतं; कुठल्या बोटीने जायचं हे ठरवताना घाम फुटतो. त्यातून "जेवण उत्तम हवं" अशी अट घातली की संपलंच! आम्ही ही अट घातली ती काकांसाठी. काका मूळचे रत्नागिरीकडचे, वय 84. वीस वर्षं बोटीच्या पॅन्ट्रीत काढली, शेवटची काही मुंबई-आखात मार्गावर. याच मार्गावर ब्रिटिश इंडिया कंपनीची 'द्वारका' 1982 पर्यंत धावत होती. आपल्यातली कितीतरी जुनी मंडळी अशाच बोटींच्या डेकवर वळकटी पसरून इकडे आली. काकांनी पहिल्या वर्गाच्या सलूनमध्ये हजारो प्लेटा पोचवल्या, पण तिथल्या खुर्चीत एकदाही टेकले नाहीत. हिवाळ्यात काका-काकू आमच्याकडे अल मजाजला यायचे होते. त्यांना त्या खुर्चीत बसवायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

शेजाऱ्यांनी सुचवलं, कशाला एवढा खटाटोप, दुबईच्या खाडीत धाऊवर जेवायला न्या. दोन तासांची फेरी, बुफे, दिव्यांच्या माळा. काका फोनवर म्हणाले, "अरे, ती होडी. बोट नव्हे!" मग आम्ही 'क्वीन एलिझाबेथ-२'चं नाव काढलं. 1969 साली पहिल्या सफरीवर निघालेली ही बोट 2008 मध्ये दुबईला आली आणि 2018 मध्ये तिचं हॉटेल झालं. तिच्यावर कुणी कुठल्या डायनिंग रूममध्ये जेवायचं हे केबिनच्या भाड्यावरून ठरायचं. काकांना ते ठाऊक होतंच. पण "धक्क्याला बांधलेल्या बोटीत सूप सांडत नाही, तिथे वाढप्याची परीक्षा कसली?" असं म्हणून त्यांनी तिलाही नापास केलं.

मग आमच्यातला इंजिनिअर जागा झाला. तक्ता मांडला. 'एमएससी व्हर्चुओसा'सारख्या बोटीवर जास्तीत जास्त सहा हजारांवर प्रवासी आणि कर्मचारी सुमारे सतराशे. 'ओशनिया'च्या 'रिव्हिएरा'वर प्रवासी साधारण साडेबाराशे आणि कर्मचारी आठशे. म्हणजे एकीकडे एका कर्मचाऱ्यामागे साडेतीन पाहुणे, दुसरीकडे दीड! छोट्या बोटीवर खास रेस्टॉरंटांचे वेगळे पैसेही नाहीत. मोठ्यांवर ते बहुधा वेगळे मोजावे लागतात. निकाल उघड होता. चार तिकिटांची बेरीज केली आणि निकाल फिरवला.

मोठी बोट घ्यायची तर कशी घ्यायची, हे काकांनी शिकवलं. "मेनूकार्ड वाचू नका, ते सगळीकडे छानच असतं. एका वेळी किती पानं बसतात ते विचारा. जेवण दोन पंगतींत असेल तर दुसरी घ्या." आपल्याकडे दुसऱ्या पंगतीला श्रीखंड संपलेलं असतं, त्यामुळे आम्ही जरा चपापलो. पण कारण पटलं. पहिली पंगत ठरल्या वेळी उठवावीच लागते, वाढप्याचं लक्ष घड्याळाकडे असतं; दुसरीच्या मागे कुणी उभं नसतं. शिवाय टेबल भटारखान्याच्या दारापासून लांब आणि बोटीच्या मध्याकडे, खालच्या मजल्यावर मागायचं. तिथे डोलणं कमी. (हे आम्हाला आमच्या शास्त्रानेही मान्य!)

काकूंचा प्रश्न निराळा. पक्क्या शाकाहारी, कांदा-लसूण चालतं, अंडं नाही. तिकीट काढतानाच तसं लेखी कळवलं आणि पहिल्या संध्याकाळी हेडवेटरला गाठून दुसऱ्या दिवशीचं ठरवून टाकलं. रोज रात्री उद्याचं सांगायचं, ही युक्ती फार उपयोगी पडते. फुलक्यांची आशा मात्र सोडा. आजच्या बहुतेक प्रवासी बोटींवर आगीच्या भीतीने उघडा जाळ नसतो, सगळं विजेवर चालतं.

आमचा वाढपी मडगावचा, नातवाच्या वयाचा. तो प्लेट उचलायला आला की काका अर्धे उठायचे, स्वतःच प्लेटा एकावर एक रचून द्यायचे. काकू डोळे वटारायच्या. तीन रात्री हेच. काकांना जेवण कसं वाटतंय ते काही कळेना. "बरंय, बरंय" एवढंच.

चौथ्या रात्री त्यांनी चमचाभर सूप चाखलं, चमचा खाली ठेवला आणि मान वर करून त्या पोराला हाक मारली.

"गार आहे. बदलून आण."