रॉकपोर्टच्या उथळ खाडीत

लेकीच्या घरी नातवाचे नामकरण होते, म्हणून आम्ही नवरा-बायको आणि आमचे थोरले बंधू असे तिघेजण गेल्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात जाऊन आलो. मुलगी आणि जावई कॉर्पस ख्रिस्ती या बंदराच्या शहरात राहतात. दादांनी सारे आयुष्य मुंबईच्या गोदीत ओझी वाहण्यात घालवले. पुतणीच्या कॉलेजची फी बरीच वर्षे त्यांनीच भरली. "मोठे बाबा आल्याशिवाय बाळाचं नाव ठेवायचं नाही," असा तिचा हट्ट होता. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी दादा पहिल्यांदा विमानात बसले ते या हट्टापायी.

दादांचे बालपण महाडच्या खाली, सावित्रीच्या खाडीकाठी गेले. गुडघाभर पाण्यात उभे राहून, हातात दोर आणि गळ घेऊन त्यांनी लहानपणी घरच्या जेवणाची सोय केलेली. त्यामुळे कॉर्पस ख्रिस्तीला समुद्र दिसताच त्यांचे पाय घरात ठरेनात. जावईबापूंनाही मासेमारीचा नाद. दोघांची जोडी जमली. पाहुण्याला मिळतो तो परवाना काढून तीन आठवडे रोज संध्याकाळी दोघे धक्क्यावर जात. दादा काठी आणि रिळाने गळ लांब फेकायला शिकले. त्यातून जावयांच्या मनात आले, की काकांना एकदा एअरबोटीतून उथळ पाण्यात न्यावे.

ही सफर तिथे वाटाडे घडवून आणतात. त्यांना कॅप्टन म्हणतात. त्यांच्याकडे तटरक्षक दलाचा आणि राज्याचा असे दोन्ही परवाने लागतात. जावयांनी एका कॅप्टनला फोन केला, तर त्यांनीच उलट तपासणी सुरू केली. वाऱ्याविरुद्ध गळ नेमका टाकता येतो का? चिखलातून तासभर चालता येते का? तासभर गप्प राहता येते का? "नवशिक्यांना मी नेत नाही. त्यांचे पैसे वाया जातात आणि माझं पाणी बिघडतं," असे ते म्हणाले. जावयांनी काकांची सारी हकीगत सांगितली. कॅप्टन म्हणाले, "धक्क्यावर या. पाहून ठरवीन."

वाचकहो, आमच्या मनात धाकधूक होती. दादांपाशी कोणताही दाखला नाही, इंग्रजीचा एक शब्द नाही. खाडीत घालवलेल्या बालपणाचे प्रमाणपत्र कोण देणार?

रॉकपोर्ट हे गाव कॉर्पस ख्रिस्तीपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. पहाटे चारला निघून अंधारातच पोचलो. २५ ऑगस्ट २०१७ रोजी हार्वे नावाचे भयंकर चक्रीवादळ याच भागात किनाऱ्याला धडकले होते. गावातली ओकची झाडे समुद्रावरच्या वाऱ्याने एका बाजूला झुकलेली आहेत. अशी वाकूनच ती वर्षानुवर्षे उभी आहेत.

धक्क्यावर कॅप्टन भेटले. पन्नाशीचे, रापलेल्या चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांनी दादांना एकच प्रश्न विचारला. जावयांनी तो मराठीत सांगितला, "काका, पाण्यात पाय कसा टाकता, ते दाखवा म्हणतात."

दादांनी चपला काढल्या. धक्क्याच्या फळ्यांवर पाऊल न उचलता पुढे सरकवले, मग दुसरे सरकवले. कॅप्टन मोठ्याने हसले आणि त्यांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला.

खाडीत चिखलावर पाखट पडून असते. पाऊल उचलून तिच्या पाठीवर टाकले, तर ती शेपटीचा काटा मारते. पाय सरकवत गेलो, तर तिला चाहूल लागते आणि ती निघून जाते. टेक्सासच्या मासेमारांची ही पहिली शिकवण, आणि सावित्रीच्या काठची पोरेही तीच शिकतात. दादा पास झाले. आम्हा दोघांना मात्र "बोटीत बसायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही" या अटीवर घेतले.

आता एअरबोटीविषयी सांगतो. ही ॲल्युमिनियमची सपाट बुडाची होडी असते. साध्या मोटारबोटीचा पंखा पाण्याखाली फिरतो. हिचा पंखा विमानासारखा, होडीच्या मागच्या बाजूला हवेत असतो आणि त्याच्याभोवती लोखंडी पिंजरा असतो. पंखा मागे हवा फेकतो आणि होडी पुढे सरकते. पंख्यामागे दोन उभी सुकाणू असतात. उंच खुर्चीवर बसलेला चालक एका दांड्याने ती वळवतो. पाण्याखाली काहीच फिरत नसल्याने वीतभर पाण्यावरून, नुसत्या ओल्या चिखलावरूनही ही होडी घसरत जाते. मात्र हिला ब्रेक नसतो. कुठे थांबायचे, ते आधीच ठरवून वेग कमी करावा लागतो.

आणि आवाज! कानांवर जाड झापडे चढवली, तरी आवाज छातीत घुमत होता. किनाऱ्यावर राहणारे लोक या होड्यांवर वैतागतात, असे जावई म्हणाले. त्यात त्यांची काही चूक नाही.

उजाडू लागले तसा तो मुलूख दिसू लागला. समुद्र आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये वाळूची लांबलचक बेटे आडवी पसरली आहेत. त्यांच्या आड शांत, उथळ खाड्या आहेत. अरन्सस, कोपानो, रेडफिश अशी त्यांची नावे. आपल्या कोकणात भरती-ओहोटीने पाणी कित्येक फूट चढते-उतरते. इथे तो फरक जेमतेम फूट-दीड फुटाचा. इथले पाणी वाराच हलवतो. हिवाळ्यात उत्तरेचा जोरदार वारा सुटला, की तो खाडीतले पाणी अक्षरशः बाहेर ढकलतो आणि मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो.

या पाण्याच्या तळाशी समुद्रगवताची कुरणे आहेत. कोळंबी, खेकडे आणि माशांची पिल्ले तिथेच वाढतात. साधी मोटारबोट उथळ पाण्यात घातली, तर तिचा पंखा हे गवत मुळासकट उपटतो. तो चर भरून यायला काही वर्षे लागतात. म्हणून २००६ साली रेडफिश खाडीत आणि २०१३ पासून टेक्सासच्या साऱ्या किनाऱ्यावर असे गवत उपटणे हा गुन्हा ठरवला गेला. एअरबोट पाण्याखालचे गवत उपटत नाही. पण काठावरच्या दलदलीत तिचेही चाकोरीसारखे पट्टे उमटतात आणि मासे-पक्षी तिच्या आवाजाने उधळतात. म्हणून यंत्र नवे असले, तरी विवेक माणसालाच ठेवावा लागतो.

कॅप्टननी एका जागी होडी थांबवली. मासे असतात ती जागा तिथून चांगली तीनशे पावले दूर होती. यंत्र बंद झाले आणि एवढी शांतता पसरली, की कानाला ती बोचू लागली. दहा मिनिटे कोणी हललेसुद्धा नाही. मग "टप्‌" असा आवाज झाला. पाण्यातून एक मासा उसळला आणि परत पडला. दादा न राहवून पुटपुटले, "अरे, ही तर बोय!"

बोयच होती. जगातल्या उबदार समुद्रांच्या काठी हा मासा सापडतो. पण इथे लोक ती सहसा खात नाहीत, आमिष म्हणून गळाला लावतात, हे ऐकून दादा हळहळले. आमच्याकडे बोयीचे कालवण म्हणजे पाहुणचार!

इथले लोक ज्याच्यामागे येतात, तो मासा म्हणजे रेडफिश. तांब्याच्या रंगाचा, शेपटीच्या बुंध्याशी काळा टिपका असलेला. तो डोके खाली घालून गवतात खेकडे शोधतो, तेव्हा पाणी इतके उथळ असते, की त्याची शेपटी वर येऊन हलत राहते. ती शेपटी पाहायची, वाऱ्याकडे पाठ ठेवून सरकत जायचे आणि सोनेरी पत्र्याचे चमच्यासारखे आमिष त्याच्या तोंडापुढे हळूच टाकायचे. डोक्यावर पडले, तर सारा थवा पळतो. म्हणूनच ही सफर अनुभवी माणसाची.

कॅप्टन, जावई आणि दादा पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात तिघांच्या तीन सावल्या पडल्या. दादांचा गळ दोनदा चुकला. तिसऱ्यांदा काठी वाकली. पंधरा-वीस मिनिटे ओढाताण चालली. मासा जवळ आला, तेव्हा कॅप्टननी पट्टीवर मोजला. एकोणतीस इंच!

टेक्सासचा नियम असा, की वीस ते अठ्ठावीस इंचांमधला मासा ठेवता येतो, तोही एका माणसाला दिवसाला तीनच. लहान असेल तर सोडायचा, कारण तो अजून वाढायचा आहे. अठ्ठावीसच्या वरचाही सोडायचा, कारण तोच समुद्रात जाऊन वंश वाढवणार. मोठ्या माशासाठी परवान्यासोबत एक खास चिठ्ठी मिळते, ती लावून असा एखादा ठेवता येतो. जावई म्हणाले, "काका, चिठ्ठी आहे. ठेवायचा का?"

दादांनी माशाचे पोट चाचपले. "पोराबाळांची माय असंल. जाऊ दे," म्हणाले. दोन्ही हातांनी तो मासा त्यांनी पाण्यात धरून ठेवला. शेपटीत जोर आल्यावर तो आपोआप निसटून गेला.

होडीत बसून डब्यातल्या चपात्या खाताना कॅप्टननी आपल्या घरची गोष्ट सांगितली. त्यांचे आजोबा आणि वडील जाळ्याने मासे धरून विकणारे. १९८० च्या सुमारास न्यू ऑर्लिन्सचे प्रसिद्ध आचारी पॉल प्रुडोम यांनी मसाला लावून काळपट भाजलेला रेडफिश लोकप्रिय केला आणि देशभरच्या हॉटेलांत त्याला मागणी आली. हा मासा आधीच घटत चालला होता, त्यात ही भर. १९८१ साली टेक्सासने या राज्याच्या पाण्यातला रेडफिश विकण्यावर बंदी घातली. पुढे सरकारने कॉर्पस ख्रिस्तीला पिल्ले वाढवण्याचे केंद्र उभारले आणि आजवर कोट्यवधी पिल्ले खाड्यांत सोडली. मासा परत आला.

"मासा परत आला, पण वडिलांचा धंदा गेला," कॅप्टन म्हणाले. "त्या वेळी घरात या कायद्याला शिव्याच होत्या. आता त्याच माशावर माझं पोट चालतं. पण वडील बाजाराला मासे पुरवायचे. मी ज्यांना परवडतं त्यांना मासे दाखवतो."

आम्हाला हे बोलणे फार लागले. या सफरीचा खर्च आपल्यासारख्या कुटुंबाच्या आवाक्यातला नाही. जावयांनी किती दिवस जादा पाळ्या केल्या, ते आम्हाला ठाऊक आहे. निसर्ग वाचवण्यासाठी कोणाला तरी थांबावे लागते, हे खरे. पण थांबण्याची पाळी आधी हातावर पोट असणाऱ्यावर येते, हेही तितकेच खरे. मासा वाचवणारा कायदा हवाच. त्याबरोबर मासेमाराच्या चुलीचाही विचार हवा.

दुपारी परतताना लांब एका उथळ पट्ट्यावर शेपट्यांचा थवाच दिसला. जावईबापू हुरळले, "कॅप्टन, होडी तिकडे घ्या ना, थोडंसंच!" कॅप्टननी मान हलवली आणि बोट दाखवले. त्या पट्ट्याच्या कडेला तीन पक्षी उभे होते. दोन पांढरेशुभ्र, माणसाच्या छातीइतके उंच, डोक्यावर लाल डाग. मध्ये एक तांबूस पिल्लू.

ते हूपिंग क्रेन नावाचे क्रौंच. उन्हाळ्यात ते उत्तर कॅनडात घरटी करतात आणि हिवाळ्यात सुमारे चार हजार किलोमीटर उडून याच खाड्यांत निळे खेकडे खायला येतात. १९३७ साली इथे अरन्सस अभयारण्य झाले. १९४१ मध्ये या थव्यात जेमतेम पंधरा-सोळा पक्षी उरले होते. आज ते पाचशेंच्या वर आहेत.

"पण ते केवढे लांब आहेत," जावई म्हणाले.

दादा पहिल्यांदाच त्यांच्यावर जरा आवाज चढवून बोलले, "जावईबापू, त्यांचं जेवण चाललंय. जेवत्या माणसाच्या दारात आपण भोंगा वाजवतो का?"

जावयांनी ते इंग्रजीत सांगितले. कॅप्टन काही बोलले नाहीत. त्यांनी यंत्र लावले ते उलट्या दिशेने आणि लांबचा वळसा घेऊन धक्क्याला आणले. उतरताना त्यांनी तो सोनेरी चमचा दादांच्या खिशात घातला.

जावयांनी धरलेले दोन मासे घरी आणले. मुंबईहून नेलेले कोकम घालून रात्री कालवण झाले. चव जिताड्याची नव्हे, पण गोड होती. बाळाच्या ओठालाही रश्शाचे बोट लावले.

परत आल्यावर दादा आम्हाला घेऊन गावी गेले. खाडीकाठी उभे राहून बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. "कारखान्यांचं पाणी लागल्यापासून पूर्वीसारखी बोय राहिली नाही रे," एवढेच बोलले. मग चपला काढून पाण्यात उतरले आणि सवयीने पाय सरकवत चालू लागले.

आता चाळीतले लोक विचारतात, "दादा, अमेरिकेत किती मासे धरले?" दादा खिशातला चमचा काढून दाखवतात आणि म्हणतात, "धरला एकच, आणि तोही सोडला." मग त्या सोडलेल्या माशाची गोष्ट अर्धा तास चालते.