माझ्या नावाचं पान



दर रविवारी आमच्या साकीनाक्याच्या घरी सोसायटीतली नववी-दहावीची मुलं येतात. पाठशाळेत त्यांनी परिग्रह-परिमाण व्रत ऐकलेलं असतं; मी तेच हिशेबाच्या वहीत उतरवून घेते. आधी बचत, मग गरज, शेवटी हौस, आणि हौसेची मर्यादा महिना सुरू होण्याआधीच लिहायची. कार्डावर थकलेल्या पैशांना दरमहा ३.५ टक्के व्याज असेल, तर साध्या हिशेबानेही वर्षाला ४२ टक्के होतात, हे कळल्यावर मुलं गप्पच झाली.

गेल्या रविवारी 'पंधरा वर्षांनंतरची मी' असं पान लिहायला दिलं. एका मुलीने विचारलं, "काकू, तुमच्या नावावर काय आहे?"

दागिने सोडून काही आठवेना. घर, ठेवी, सगळं ह्यांच्या नावावर. कागद कुठे आहेत तेही ठाऊक नाही.

सोमवारी पोस्टात जाऊन पीपीएफ खातं उघडलं. वर्षाला किमान ५०० रुपये, मुदत १५ वर्षं. रात्री ह्यांच्यासोबत बसून कागदांची फाईल लावली.

मोह सोडणं हे व्रत. मी मात्र इतकी वर्षं अजाणपणालाच अपरिग्रह समजत होते. तुमच्या नावाचं पान उघडून बघितलंत का?