राबणारी टेकडी

गतवर्षी दिवाळीपूर्वी आम्हां उभयतांस फ्रान्स देशातील ल्यों या शहरी सहा आठवडे राहण्याचा योग आला. आमचे चिरंजीव तेथे संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याच्या उद्योगात आहेत, म्हणून हा योग. एरवी पॅरिस पाहावयास जाणारे आपल्याकडील प्रवासी या शहरास सहसा बगल देतात. रोन आणि सोन या दोन नद्या येथे एकमेकींस मिळतात. तो संगम पाहून सौभाग्यवतींस त्यांचे माहेर कऱ्हाड आठवले व त्यांनी नकळत हात जोडले. नद्यांच्या काठी दोन टेकड्या आहेत. पश्चिमेकडील फुर्व्हिएर टेकडीवर मोठे चर्च आहे. उत्तरेकडील क्रुआ-रूस टेकडीवर एके काळी रेशीम विणणारांची वस्ती होती. पहिली प्रार्थना करणारी टेकडी आणि दुसरी राबणारी टेकडी, असे तेथील लोक म्हणतात. चिरंजीवांचे बिऱ्हाड राबणाऱ्या टेकडीवर आहे.

चढण इतकी उभी आहे की, वर जाणाऱ्या रेल्वेच्या रुळांमध्ये दातेरी पट्टी बसवावी लागली आहे. घरे जुनी व अनेक मजली. आणि खोल्यांचे छत पाहून आम्ही थक्क झालो. बिऱ्हाड दोन खोल्यांचे, पण छत मात्र वाड्याच्या दिवाणखान्यास शोभेल असे, सुमारे तेरा फूट उंच. हे ऐश्वर्य माणसांसाठी नव्हते, मागासाठी होते. उंच माग खोलीत मावावा म्हणून घरे अशी बांधली गेली, आणि विणकराचे कुटुंब त्याच खोलीत घातलेल्या माळ्यावर निजत असे. आता त्या माळ्यावर आमची नात निजते. तुळईस एक लोखंडी आकडा अद्याप आहे. त्यास सूनबाईंनी मनीप्लँटची कुंडी टांगली आहे. जेथे माग उभा असेल, तेथे चिरंजीवांचे मेज व त्यावर संगणक.

घराघरांच्या पोटांतून एका गल्लीतून दुसरीत निघणारे बोळ या शहरात पुष्कळ आहेत. त्यांस त्राबूल म्हणतात. पुण्याच्या जुन्या पेठांत वाढलेल्या माणसास त्यांत चुकण्याचे कारण नाही, तरी आम्ही दोनदा चुकलो.

विणकरास तेथे कान्यू म्हणतात. त्यांच्या स्मरणार्थ टेकडीवर एक लहानसे संग्रहालय आहे व तेथे जुना हातमाग चालवून दाखवितात. आमचे पाऊल तेथून निघेना. नक्षीचे रेशीम विणण्यास पूर्वी दोन माणसे लागत. एक विणणारा, आणि दुसरा दोऱ्यांच्या जुड्या ठरल्या क्रमाने ओढून ताण्याचे नेमके धागे वर उचलणारा. हे दुसरे काम बहुधा लहान मुलांकडे असे. जोसेफ मारी जाकार नावाच्या गृहस्थाने बालपणी हेच काम केले होते, असे सांगतात. १८०४ साली त्याने जो माग सिद्ध केला, त्यात या मुलाची जागा भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी घेतली. ही युक्ती सर्वस्वी त्याची नव्हे; याच शहरातील बुशाँ याने १७२५ साली भोकांचा कागद वापरून पाहिला होता. बाण्याच्या एका धाग्यास एक पुठ्ठा. जेथे भोक असेल तेथे सुई आत शिरते व तिचा धागा उचलला जातो. जेथे भोक नसेल तेथे सुई मागे सरते व धागा खालीच राहतो. असे शेकडो पुठ्ठे दोऱ्यांनी ओवून माळेसारखे फिरत राहतात आणि खाली फूल उमलत जाते. या मागास आपल्याकडे जॅकार्ड म्हणतात. मुलीच्या लग्नाच्या वेळी येवल्यास पैठणी घ्यावयास गेलो असता हेच पुठ्ठे आम्ही पाहिले होते. मात्र पदरावरील मोर तेथे अजून लहान लहान कांड्या हाताने फिरवून विणतात.

जाकारचे रेशमात विणलेले एक चित्र प्रसिद्ध आहे. त्यास सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. इंग्लंडातील चार्ल्स बॅबेज याने त्याची एक प्रत मिळविली व आपल्या नियोजित गणनयंत्रास आज्ञा देण्यासाठी अशाच पुठ्ठ्यांची योजना केली. अमेरिकेतील १८९० ची खानेसुमारीही भोकांच्या पुठ्ठ्यांवरच मोजली गेली. "बाबा, आमच्या धंद्याचा हा मूळपुरुष," चिरंजीव म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. आणखीही काही होते, ते आम्हांस तेव्हा उमगले नाही.

या टेकडीवर १८३१ साली दंगा झाला हे आम्ही ऐकून होतो, आणि तो यंत्राविरुद्ध झाला असावा अशी आमची समजूत होती. ती चुकीची निघाली. जाकारच्या मागास आरंभी विरोध झाला, हे खरे. पण १८३१ पर्यंत कान्यू त्याच मागावर पोट भरू लागला होता, आणि माग त्याच्या स्वतःच्या घरात उभा होता. रेशीम व्यापाऱ्याचे, मजुरी नगावर. भांडण होते ते दराचे. ऑक्टोबरात सरकारी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने किमान दर ठरले. पुष्कळ व्यापाऱ्यांनी ते पाळण्याचे नाकारले. २१ नोव्हेंबर रोजी विणकर टेकडी उतरले. काम करून जगू, नाहीतर लढता लढता मरू, अशा अर्थाची अक्षरे त्यांच्या काळ्या निशाणावर होती. काही दिवस शहर त्यांच्या हाती राहिले. ३ डिसेंबरास सैन्य आत शिरले आणि दर रद्द झाले. १८३४ साली पुन्हा उठाव झाला, तो याहून अधिक रक्त सांडून मोडला गेला.

हे वाचीत उभे असता आम्हांस आमच्या काळ्या फिती आठवल्या. आम्ही छत्तीस वर्षे एका बँकेत काढली. जून व डिसेंबर महिन्यांत शेकडो खात्यांचे व्याज हाताने मोजून रात्री अकरा-अकरापर्यंत ताळा जुळवीत बसावे लागे. एका रुपयाच्या चुकीपायी दोन रात्री गेल्याचे स्मरते. आणि तरीही संगणक येणार म्हणताच आम्ही फिती लावल्या, घोषणा दिल्या, निवेदने पाठविली. यंत्र आले. कोणास काढले नाही. फक्त निवृत्त झालेल्याच्या खुर्चीवर दुसरा कोणी बसेनासा झाला. आम्ही लागलो तेव्हा शाखेत एकोणतीस माणसे होती, निघालो तेव्हा नऊ. व्याजाची ती रात्रपाळी परत यावी असे आम्हांस स्वप्नातही वाटत नाही, जसे त्या दोऱ्या ओढणाऱ्या पोरांचे काम परत यावे असे कोणी म्हणणार नाही. पण वीस माणसांचे श्रम वाचले, ते कोणाच्या खाती जमा झाले, हा प्रश्न आम्ही एकाही निवेदनात विचारला नव्हता. यंत्र नको, एवढेच लिहीत राहिलो. त्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या विणकरांनी मात्र नेमके दराचेच विचारले होते.

निघण्याच्या तीन दिवस आधी चिरंजीवांनी आपली गोष्ट सांगितली. त्यांच्या तुकडीत अकरा जण होते, आता चार उरले आहेत. आज्ञावल्यांचा कच्चा खर्डा हल्ली यंत्रच लिहिते. या चौघांनी त्यातील चुका शोधावयाच्या. काम अकरांचे, वेतन पूर्वीचेच, आणि वर्षअखेरीस चौघांचे तिघे होतील अशी कुजबुज. सौभाग्यवती म्हणाल्या, "मग पुण्यासच परत या ना." त्यावर ते हसून म्हणाले, "आई, पुण्यातही तेच यंत्र आहे." सूनबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही. नंतर त्यांनी विचारले, "बाबा, तुमच्या युनियनची निवेदने कोण लिहीत असे?"

"आम्हीच लिहीत असू," आम्ही सांगितले.

त्या रात्री त्या मेजाशी आम्ही दोघे बसलो. आम्ही मराठीत मुद्दे सांगितले, त्यांनी फ्रेंचमध्ये उतरविले. यंत्र नको, असे त्यात कोठेही नाही. अकरांचे काम चौघांकडून घेतल्याने जे वाचते त्यात चौघांचा वाटा किती, काढलेल्या सातांस नवे काम शिकविण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, आणि यंत्राची चूक सापडली नाही तर दोष कोणाच्या माथी, एवढेच विचारले आहे. चौघांपैकी तिघांनी सही केली. चौथा गृहस्थ विचार करून सांगतो म्हणाला.

हा लेख लिहीपर्यंत कचेरीकडून उत्तर आलेले नाही.